विश्लेषण : मंद नजरेचा आजार आणि डॉ. नोशीर वाडिया

चालताना तोल जाणारे रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञांना नवे नसतात. डॉ. नोशीर वाडिया यांनी त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष दिले. एका वस्तूवरून दुसरीकडे नजर आपण क्षणार्धात वळवतो. यातल्या काही रुग्णांची नजर मात्र सावकाश सरकत जाई. अशा नऊ कुटुंबांची नोंद त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुंबईतल्या या कामाचे अप्रूप आपल्याकडे कमीच!

सुरतेत १९२५ मध्ये जन्मलेल्या वाडिया यांनी लंडनहून परतल्यावर जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभारला. त्यांनी नोंदवलेल्या आजाराचा जनुक सापडला १९९६ मध्ये. त्यातील तीन अक्षरांची आवर्तने प्रमाणाबाहेर वाढली, की अटॅक्सिन-२ हे प्रथिन लांबते, त्याची घडी बिघडते आणि गुठळ्या होतात.

पेशीकडे सफाईची सोय असते. बिघडलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करते. मोठ्या गुठळ्या लायसोसोममध्ये जिरवल्या जातात. पण मेंदूतील चेतापेशी विभागत नाहीत. त्यामुळे कचरा नव्या पेशींत वाटला जात नाही, त्यातच वयाबरोबर सफाई मंदावते.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के. तो थांबवणारे औषध अजून नाही. वाडिया २०१६ मध्ये गेले. आता जनुकचाचणी होते. तरी ती कोणती मागवायची, हे ठरवताना डॉक्टर रुग्णाची नजर तपासतात.