विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : १४ ऑक्टोबर १८९२, पेण; मृत्यू : ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील चित्रकार, ध्वनिमुद्रक, दिग्दर्शक आणि प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. एस. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला संत तुकाराम (१९३६) हा चित्रपट सर्वपरिचित आहे. मात्र प्रभातच्या प्रारंभीच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रण हे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे असून त्याची चर्चा तुलनेने कमी होते.

जडणघडण

दामले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण येथे झाला. कलेच्या ओढीने ते कोल्हापुरास गेले. तेथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंकडे नाटकांचे पडदे रंगविण्याचे काम चाले. या कामातच त्यांचा सहाध्यायी फत्तेलाल (साहेबमामा) यांच्याशी आयुष्यभराचा स्नेह जडला. आनंदरावांच्या निधनानंतर (१९१६) बाबूरावांनी स्वदेशी बनावटीचा कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. या कंपनीत दामले यांना रंगकामाबरोबरच यंत्रे खोलणे, जोडणे आणि दुरुस्त करणे यांचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले. १९२८ साली त्यांनी फत्तेलाल यांच्यासह महारथी कर्ण हा मूकपट दिग्दर्शित केला.

प्रभात फिल्म कंपनी

१ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. कंपनीचे पहिले चित्रपट मूक होते. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा आलम आरा प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे युग संपुष्टात येऊ लागले. ध्वनिमुद्रणाचे तंत्र आत्मसात करणे हा प्रभातपुढे अस्तित्वाचा प्रश्न ठरला. ही जबाबदारी दामले यांनी स्वीकारली.

ध्वनिमुद्रणाचे कार्य

त्या काळी ध्वनीचे प्रथम विद्युत्प्रवाहात रूपांतर करीत, तो प्रवाह व्हॉल्व्हच्या साहाय्याने वाढवीत आणि त्यानुसार प्रकाशात बदल घडवून तो फिल्मवर उमटवीत. चित्रपटगृहात ही क्रिया उलट क्रमाने होई. मायक्रोफोनपासून ध्वनिक्षेपकापर्यंतच्या या साखळीत कोठेही नको असलेला प्रवाह शिरला, तर तोही ध्वनीबरोबर वाढत जाई.

घरातील ध्वनिक्षेपकातून पुष्कळदा ऐकू येणारी सततची घुमघुम याच कारणाने उत्पन्न होते. भारतात प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. शेजारच्या तारेतून हा प्रवाह शिरल्यास ५० हर्ट्झचा, तर एकदिश केलेला प्रवाह नीट सपाट न झाल्यास बहुधा १०० हर्ट्झचा खर्ज ऐकू येतो. एकाच संचातील उपकरणांचे अर्थिंग दोन निरनिराळ्या मार्गांनी झाले असेल, तरीही हा दोष उद्भवतो. मायक्रोफोनच्या तारेस धातूचे आवरण घालणे, ती विजेच्या तारांपासून दूर ठेवणे, अर्थिंग एकाच ठिकाणी जोडणे आणि वीजपुरवठ्यातील चढउतार गाळून टाकणे, हे त्यावरील उपाय होत. चित्रपटगृहातील प्रक्षेपकात ध्वनिपट्टीवर प्रकाश टाकणाऱ्या छोट्या दिव्यास साधी प्रत्यावर्ती वीज पुरविली, तरी तीच घुमघुम पडद्यामागून येते; म्हणून त्या दिव्यास एकदिश प्रवाह पुरविण्याची पद्धत रूढ झाली.

घरातील दोष जोडणी सुधारताच नाहीसा होतो. फिल्मवर उमटलेला दोष मात्र प्रत्येक प्रतीत उतरतो आणि पुसता येत नाही. शिवाय पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती; नटांना कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. कॅमेऱ्याची घरघर, कार्बनदिव्यांचा गुंजारव आणि बाहेरचे आवाज टाळून एकाच वेळी चित्र व गाणे टिपणे भाग होते. आलम आराचे बरेच चित्रण जवळच्या लोहमार्गामुळे रात्री करावे लागले होते, यावरून या अडचणींची कल्पना येते.

दामले यांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. तरीही प्रभातचा पहिला बोलपट अयोध्येचा राजा (१९३२) त्यांच्या ध्वनिमुद्रणासह मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत तयार झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या भूमिका असलेला हा पहिला मराठी बोलपट होय. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. त्यामुळे त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचा प्रत्यक्ष पुरावा अभ्यासकांना मिळतो.

दिग्दर्शन

१९३३ साली प्रभातचे स्थलांतर पुण्यास झाले. दामले-फत्तेलाल यांच्या संत तुकाराममध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची आणि गौरी यांनी आवलीची भूमिका केली. संगीत केशवराव भोळे यांचे होते. भजन हाच या चित्रपटाचा प्राण असल्याने शब्द स्वच्छ ऐकू येण्यास विशेष महत्त्व होते. मुंबईतील सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. गोपालकृष्ण (१९३८), संत ज्ञानेश्वर (१९४०) आणि राजा नेने यांच्यासह संत सखू (१९४१) हे त्यांचे पुढील चित्रपट होत.

अखेर व वारसा

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी, दामले यांचे पुणे येथे निधन झाले. पुढील दशकात कंपनीही बंद पडली. तिच्या वास्तूत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या आवारात दामले यांनी काम केले, तेथेच आज ध्वनिमुद्रणाचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते.