गुलामाचा झाला नागरिक : फ्रेडरिक डग्लस

अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट झाली म्हटले की आपल्याला अब्राहम लिंकन आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जे स्वतः गुलाम होते त्यांनी या लढ्यात काय केले, हे आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. ते समजून घेण्यासाठी फ्रेडरिक डग्लस यांच्या जीवनाकडे पाहावे लागते.

फ्रेडरिकचा जन्म १८१८ च्या सुमारास मेरीलँड राज्यात एका गुलाम मातेच्या पोटी झाला. नक्की तारीख त्याला कधीच कळली नाही; गुलामाच्या मुलाला ती सांगतो कोण? आई बारा मैलांवरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे काम उरकून ती रात्री पायी चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. अशा भेटीही मोजक्याच झाल्या. तो सात वर्षांचा असताना ती वारली.

आठव्या वर्षी त्याला बाल्टिमोर शहरात सोफिया ऑल्ड या बाईंच्या घरी कामाला पाठविण्यात आले. बाई दयाळू होत्या. त्यांनी त्याला मुळाक्षरे शिकविण्यास सुरुवात केली. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने मात्र त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला : मालकाला ज्याची भीती वाटते, तेच आपण मिळविले पाहिजे. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना तो घरातली पोळी देई आणि त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेई. पुढे पन्नास सेंट साठवून त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. सतरा-अठराव्या वर्षी तो शेतावरच्या गुलामांसाठी दर रविवारी गुपचूप शाळा चालवीत असे. तिथे एका वेळी चाळीसहून अधिक विद्यार्थी जमत. पकडले गेल्यास पाठीवर फटके बसणार हे ठाऊक असूनही ते येत.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष घालून आणि दुसऱ्याचे ओळखपत्र खिशात ठेवून तो आगगाडीने उत्तरेकडे निसटला. अॅना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने त्याला मदत केली होती. लगेच त्यांचे लग्न झाले. १८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊ लागले. असा वक्ता कधी गुलाम असेल यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १८४५ मध्ये त्यांनी मालकांची खरी नावे देऊन आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना ब्रिटनला जावे लागले. तेथील स्नेह्यांनी दीडशे पौंड भरून त्यांना कायदेशीर मुक्तता मिळवून दिली. १८४७ मध्ये परतल्यावर त्यांनी रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र काढले.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. डग्लस यांचे दोन मुलगे सैन्यात भरती झाले. कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून ते १८६३ मध्ये खुद्द लिंकन यांना भेटले. त्याच वर्षी १ जानेवारीला लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला होता. पण तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता. मेरीलँडसारख्या राज्यांतील गुलाम त्यातून वगळलेले होते. म्हणून खुद्द राज्यघटनाच बदलणे आवश्यक ठरले. तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात संमत झाली. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. ६ डिसेंबर १८६५ रोजी आवश्यक तितक्या राज्यांची मान्यता पूर्ण झाली. युद्धापूर्वी देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती.

त्याच वर्षी मे महिन्यात गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभेत ज्येष्ठ पुढारी विल्यम गॅरिसन यांनी सुचविले की कार्य पूर्ण झाले, आता संस्था विसर्जित करावी. डग्लस यांनी विरोध केला. कृष्णवर्णीय माणसाच्या हाती मत येईपर्यंत गुलामगिरी संपली असे मानता येणार नाही, ती नाव बदलून परत येईल, असे त्यांनी बजावले. सभेने त्यांचा पक्ष उचलून धरला.

त्यांची भीती खरी ठरली. दुरुस्तीत एक अपवाद होता : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेता येईल. दक्षिणेतील राज्यांनी बेकार फिरणे हाच गुन्हा ठरविला. दंड भरता न येणाऱ्यांना मजुरीला जुंपले जाई, आणि पुढे कैदी खाणी, रेल्वे व मळ्यांच्या ठेकेदारांना भाड्याने दिले जाऊ लागले. १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व व १८७० च्या दुरुस्तीने पुरुषांना मताधिकार मिळाला. परंतु १८७७ नंतर दक्षिणेत तो दहशतीने व क्लृप्त्यांनी हिरावला गेला. डग्लस पुढे हैतीमध्ये अमेरिकेचे वकील झाले, मोठमोठी पदे त्यांना मिळाली. तरी या अन्यायाविरुद्ध बोलणे त्यांनी थांबविले नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या हक्कांच्या सभेहून परतल्यावर राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मताच्या हक्काला कायद्याचे पुरेसे संरक्षण मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. मिसिसिपी राज्याने तर तेराव्या दुरुस्तीला मान्यता दिली ती १९९५ मध्ये. २०१८ पासून कोलोरॅडोसारख्या काही राज्यांनी आपापल्या घटनांतून शिक्षेचा तो अपवाद काढून टाकला. देशाच्या घटनेत मात्र तो अद्याप कायम आहे.

या घटनेचे पडसाद आपल्याकडेही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ज्यांना शिक्षण नाकारले गेले त्यांच्यासाठी शाळा काढण्याचे काम त्यांनी १८४८ पासूनच हाती घेतले होते.

विद्यार्थी मित्रांनो, घटनेतील कलम हक्क देते. पण तो वाचता, समजता आणि मागता आला पाहिजे. पोळीच्या तुकड्याच्या बदल्यात अक्षरे मिळविणाऱ्या मुलाने हे लहानपणीच ओळखले होते. आपल्याला आज पाटी-पुस्तक सहज मिळते. त्याचे मोल जाणून अभ्यास करा, आणि शेजारचे एखादे मूल शाळेबाहेर राहिले असेल तर त्यालाही हाताला धरून घेऊन या.