सेवाव्रती डॉक्टर कोटणीस

पुणे जिल्ह्यातील पासली हे वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखातील एक लहानसे गाव. पूर्वीच्या काळी अशा गावी कोणी अत्यवस्थ झाले, तर त्याला डोलीत घालून डोंगरवाटा तुडवाव्या लागत. आजाऱ्याचे प्राण वैद्याच्या हाती असतात, हे खरे. परंतु वैद्याचे दार येईपर्यंत ते डोली वाहणाऱ्यांच्याही हाती असत. अशाच डोंगरवाटांवर, पण स्वदेशापासून हजारो मैल दूर, एका मराठी डॉक्टरांनी हे सत्य ओळखले व त्यापायी आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तेव्हा चीनमधील जखमींच्या शुश्रूषेसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले. डॉ. अटल हे त्या पथकाचे प्रमुख. चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे त्यांचे सहकारी. १ सप्टेंबर १९३८ रोजी या पथकाने मुंबईचा किनारा सोडला.

चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणिसांच्या कानी आली. घरी परतावे, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यांनी दुःख गिळले आणि हाती घेतलेले व्रत सोडले नाही. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनान येथे पोहोचले. पुढे कोटणीस सेनापती चू तेह यांच्या सैन्याबरोबर उत्तरेकडील आघाडीवर गेले.

तेथे ना मोटारी होत्या, ना पक्के रस्ते. जखमी शिपायाला आघाडीवरून माणसांच्या खांद्यावरून न्यावे लागे. प्रथम रणांगणाजवळच त्याचा रक्तस्राव थांबविणे, मोडलेल्या हाडाला फळ्या बांधणे, मग त्याला मागील ठाण्यावर पोहोचविणे, तेथे शस्त्रक्रिया करणे आणि शेवटी रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणे, अशी ही साखळी होती. तिची एखादी कडी निखळली तरी अनर्थ ओढवे. रक्त थांबविण्यासाठी आवळलेला पट्टा केव्हा बांधला, हे पुढच्या ठाण्यावर कळले नाही, तर जखमीचा हात किंवा पाय गमावण्याची वेळ येई. म्हणून डोलीवाला, परिचारिका व शल्यवैद्य यांनी एकमेकांना वेळीच नीट माहिती देणे, हाही उपचाराचाच भाग होता.

परभाषिक मनुष्य या साखळीत अडसर ठरला असता. हे जाणून कोटणिसांनी चिनी भाषा कष्टाने आत्मसात केली. जखमीचे गाऱ्हाणे ते स्वतः ऐकत, परिचारिकांना त्यांच्याच भाषेत सूचना देत आणि विद्यार्थ्यांनाही चिनी भाषेतच शिकवीत. १९४० साली एका मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या ठाण्यावर आले. त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. एवढा भार कोणा एकट्या डॉक्टरला पेलणारा नव्हे. असंख्य हात एकजुटीने राबले, म्हणूनच ते शक्य झाले.

कॅनडाचे थोर शल्यवैद्य नॉर्मन बेथून यांनी याच प्रदेशात काम करताना १९३९ च्या नोव्हेंबरात देह ठेवला होता. त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले. शत्रू चाल करून आला, की रुग्ण, औषधे आणि उपकरणे घेऊन साऱ्या रुग्णालयालाच स्थलांतर करावे लागे. अशा प्रसंगी गावकरीही जखमींना आश्रय देत. येथील वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्येच कोटणिसांचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील एकेक अक्षर घेऊन त्याचे नाव इनहुआ ठेवण्यात आले.

अतिश्रमांनी कोटणिसांची प्रकृती ढासळत चालली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत. तथापि त्यांनी काम थांबविले नाही. शल्यशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाचे लेखनही चालूच होते. ते अपुरे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

एक कडी गळाली, पण साखळी तुटली नाही. त्यांनी तयार केलेले विद्यार्थी व परिचारिका जखमींची सेवा करीतच राहिल्या. चीनमधील शिचियाच्वांग येथे त्यांची समाधी आहे आणि सोलापुरात त्यांचे स्मारक. रोग्याची सेवा हे एका माणसाचे यश नसून, परस्परांवर विश्वास ठेवणाऱ्या अनेकांचे व्रत आहे, ही डॉक्टर कोटणिसांच्या जीवनाची थोर शिकवण होय.