बीजांचा उपासक

आपल्या रोजच्या ताटात कितीतरी देशांचे देणे असते. गहू प्रथम पश्चिम आशियात पिकला. मका मेक्सिकोकडून आला, तर बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत आहे. उलट वांगे आणि काकडी ही भारताने जगाला दिलेली देणगी होय. पिकांच्या अशा जन्मभूमी शोधून काढण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या थोर रशियन शास्त्रज्ञाचे नाव निकोलाय वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म १८८७ साली मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील शेतकरी कुळातील असून व्यापार करून सधन झाले होते. निकोलाय लहान असतानाच, १८९१-९२ साली, रशियात भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मृत्युमुखी पडली. मोठेपणी निकोलाय यांनी वडिलांचा व्यापार पत्करला नाही. त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि १९१३ साली ते अधिक अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथे विल्यम बेटसन या विख्यात शास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांना अनुवंशशास्त्राची गोडी लागली. आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात, हे सांगणारे ते शास्त्र त्या काळी अगदी नवे होते.

पहिले महायुद्ध चालू असता इराणमधील रशियन सैनिकांना पाव खाल्ल्यावर गुंगी येऊ लागली. याचे कारण शोधण्यासाठी १९१६ साली वाविलोव यांना तिकडे पाठविण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका तणाच्या बियांमुळे हा प्रकार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. काम संपले, पण ते लगेच मायदेशी परतले नाहीत. घोड्यावर बसून ते पामीरच्या दुर्गम पहाडांत शिरले आणि तेथील धान्यांचे नमुने गोळा करू लागले.

अशा प्रवासांतून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वांत अधिक प्रकार आढळतात, तोच बहुधा त्या पिकाचा जन्मप्रदेश असतो. तेथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके जपलेल्या वाणांत नाना गुण साठलेले असतात. कोणता वाण थंडी सोसतो, कोणता पाण्यावाचून तग धरतो, तर कोणता तांबेऱ्याला दाद देत नाही. सर्व शेतांत एकच वाण पेरला आणि त्यावर रोग पडला, तर सारे पीक हातचे जाते. परंतु जुन्या वाणांचे बी जपून ठेवले असेल, तर त्यांच्या संकरातून रोगाशी झुंज देणारा नवा वाण तयार करता येतो. म्हणून हे वाण नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह केला पाहिजे, असे वाविलोव यांनी ठरविले.

१९२१ साली पेट्रोग्राड, म्हणजे पुढचे लेनिनग्राड, येथील वनस्पतिसंशोधन संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यानंतर त्यांची पावले जगभर फिरली. १९२४ साली अफगाणिस्तान, १९२७ साली इथिओपिया, १९२९ साली जपान व कोरिया, १९३० साली मेक्सिको आणि १९३२ साली दक्षिण अमेरिका असा त्यांचा संचार झाला. परदेशांतील संशोधकांशी ते पत्रव्यवहार करीत, बीजांची देवघेव करीत. अशा रीतीने त्यांच्या संस्थेत लाखाहून अधिक नमुने जमा झाले. एवढा मोठा बीजसंग्रह त्या काळी जगात अन्यत्र नव्हता.

परंतु पुढे दिवस पालटले. ट्रोफिम लायसेंको नावाच्या एका शेतीतज्ज्ञाने अनुवंशशास्त्र खोटे ठरवून झटपट पीक वाढविण्याची आश्वासने दिली. सत्ताधाऱ्यांना ती आवडली. वाविलोव यांनी मात्र जे प्रयोगाने सिद्ध झाले, ते नाकारण्यास नकार दिला. १९३९ साली एडिंबरो येथील आंतरराष्ट्रीय अनुवंशशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते. पण त्यांना तेथे जाऊ दिले नाही. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. ज्या सारातोव शहरात ते एके काळी प्राध्यापक होते, तेथीलच तुरुंगात २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने त्यांचा अंत झाला. त्यांची पत्नी व मुलगा त्या वेळी त्याच शहरात राहत होती. पण ते इतके जवळ आहेत, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

याच काळात लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तो सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत टिकला. शहरात अन्न नव्हते, सरपण नव्हते. वाविलोव यांचे सहकारी मात्र गारठलेल्या खोल्यांत पहारा देत बीजसंग्रह राखीत होते. भोवती गहू, तांदूळ, मका, भुईमूग यांच्या पिशव्या असूनही त्यांनी त्यांतील एक मूठसुद्धा स्वतःसाठी घेतली नाही. भाताच्या संग्रहाचे रक्षक दमित्री इवानोव भुकेने वारले, तेव्हा तांदळाचे हजारो नमुने सुरक्षित होते. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांदर श्चुकिन यांचीही तीच गत झाली. असे आणखीही कित्येक सहकारी गेले. पण बी वाचले.

१९५५ साली वाविलोव निर्दोष असल्याचे जाहीर झाले आणि पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांनी घालून दिलेल्या वाटेने पुढे अनेक राष्ट्रे गेली. २००८ साली नॉर्वेतील स्वालबार द्वीपसमूहात, बर्फाळ डोंगराच्या पोटात, जगभरच्या बीजांचे एक भांडार उघडले गेले. सीरियातील युद्धामुळे अलेप्पो शहराजवळच्या आंतरराष्ट्रीय बीजसंग्रहाचे काम थांबले, तेव्हा २०१५ साली याच भांडारातून त्याच्या ठेवीतील बी परत मिळाले. ते लेबनॉन व मोरोक्को या देशांत पेरून तो संग्रह पुन्हा उभा करण्यात आला.

बीजाला सीमा ठाऊक नसतात. एका देशाच्या शेतकऱ्याने राखलेले मूठभर दाणे दुसऱ्या देशाच्या लेकरांची भूक भागवू शकतात. मात्र त्यासाठी ते दाणे कोणीतरी जपावे लागतात. वाविलोव आणि त्यांचे सहकारी उपाशी राहिले. परंतु पुढच्या पिढ्यांच्या पेरणीचे बी त्यांनी राखून ठेवले.