फ्रेडी मर्क्युरीमधला ‘फ्रेडी’ पाचगणीचा! ‘क्वीन’च्या गायकाबद्दल खरं काय, खोटं काय?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. लंडनला गेल्यावर त्याने पारशी नाव टाकलं आणि भारतातलं आयुष्य पुसून टाकलं. ‘मर्क्युरी’ हे आडनाव लंडनचं, हे बरोबर. पण ‘फ्रेडी’ म्हणून त्याला पहिल्यांदा हाक मारली ती पाचगणीतल्या शाळासोबत्यांनी.

तो मुंबईत जन्मला, हीसुद्धा चुकीची माहिती. फारुख बलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. आडनाव गुजरातच्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला बोटीने भारतात पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये. आईवडील समुद्रापलीकडे, सुट्ट्या मुंबईतल्या नातेवाइकांकडे. इतक्या लहान वयातल्या या एकटेपणाबद्दल नंतर तो फारसं बोलला नाही.

शाळेत तो पियानो शिकला. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. इथे आणखी एक गैरसमज आहे. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ब्रूस मरे होता. जगाला आवाजाने वेड लावणारा मुलगा तेव्हा पियानोवर बसायचा. पुढे आलेल्या दातांवरून मुलं त्याला चिडवायचीही. वरच्या जबड्यात जास्तीचे दात होते. ते काढले तर आवाज बदलेल, या भीतीने त्याने प्रसिद्धीनंतरही ते काढले नाहीत. दातांमुळेच त्याला तो आवाज मिळाला, याला मात्र ठोस आधार नाही.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं. त्या काळच्या ब्रिटनमध्ये आशियाई माणसाला रस्त्यात सर्रास वर्णद्वेषी शिव्या पडायच्या. भारताबद्दल तो गप्प राहिला हे खरं, पण त्या गप्प राहण्याला सरळ लाज म्हणणं मला पटत नाही. आईवडिलांशी त्याचं नातं कधीच तुटलं नाही.

१९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’ सुरू झाला. जॉन डीकन पुढच्या वर्षी आला. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनेच काढलं, ग्राफिक डिझाइनचं शिक्षण कामी आलं. १९७५ चं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ जवळपास सहा मिनिटांचं असूनही ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

याच नावाच्या २०१८ च्या सिनेमाने मात्र मोठा घोळ घातला. त्यात बँड फुटतो, मग १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’साठी एकत्र येतो आणि त्याआधी फ्रेडी सोबत्यांना आजाराबद्दल सांगतो. प्रत्यक्षात बँड फुटला नव्हता, त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत त्यांचे दौरे सुरू होते. एचआयव्हीचं निदान झालं १९८७ मध्ये. म्हणजे वेम्बलीवरच्या त्या वीसेक मिनिटांत तो आजाराचं दुःख घेऊन गात होता, ही निव्वळ पटकथा.

खरा काळ त्यानंतरचा. पत्रकार घराबाहेर ठाण मांडून असताना तो उभं राहणं कठीण होईपर्यंत रेकॉर्डिंग करत राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, ४५ व्या वर्षी, तो गेला. लंडनमधले अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले, मग दहन झालं. अस्थी जवळची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्याकडे सोपवल्या गेल्या. त्या कुठे ठेवल्या, हे तिने आजवर जाहीर केलेलं नाही. त्यामुळे याबद्दल फॉरवर्ड होऊन आलेलं काहीही खरं मानू नका.