चौकोनी चेहऱ्याची सुपरस्टार

सेल्फी काढला की तुमची नजर आधी जबड्यावर जाते का? कपाळ, गाल आणि जबडा जवळपास एकाच रुंदीचे, आणि कानाखालचे कोपरे ठळक, असा चेहरा म्हणजे चौकोनी चेहरा. असा चेहरा असला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. केस पुढे घे, मान तिरकी कर, कॉन्टुअर चोप! थांबा जरा. त्याआधी जोन क्रॉफर्डची गोष्ट वाचा. रुंद जबडा, मोठं तोंड, चेहरा-अंगभर फ्रेकल्स. तरीही ही मुलगी हॉलिवूडवर राज्य करून गेली.

तिचं खरं नाव ल्युसिल ल सूर. जन्म अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियोचा. वडील घर सोडून गेले. सावत्र वडिलांचं थिएटर होतं, तिथे नाच बघूनच तिला डान्सर व्हायचं वेड लागलं. लहानपणी फुटलेल्या बाटलीवर पाय पडून मोठी जखम झाली, ऑपरेशन्स झाली, पण नाचाचं वेड काही गेलं नाही. पुढे सावत्र वडीलही गेले. कॅन्सस सिटीत आई लाँड्रीत काम करू लागली. बोर्डिंग शाळेत फी भरायला पैसे नव्हते, म्हणून ही पोरगी तिथेच साफसफाई आणि स्वयंपाकघरातली कामं करत शिकली.

कोरसमध्ये नाचता नाचता १९२५ मध्ये तिला एमजीएम स्टुडिओचं काँट्रॅक्ट मिळालं. पगार आठवड्याला ७५ डॉलर. स्टुडिओला तिचं नाव पसंत नव्हतं, म्हणून एका मासिकातून वाचकांची स्पर्धा घेतली आणि त्यातून जोन क्रॉफर्ड हे नाव आलं. तिला स्वतःला ते अजिबात आवडलं नव्हतं!

आता खरी गंमत बघा. तेव्हाची फॅशन होती इवलेसे, कळीसारखे रंगवलेले ओठ आणि रेघेएवढ्या भुवया. नाजूक चेहऱ्यावर ते छान दिसायचं. पण चौकोनी चेहऱ्यावर? ओठ जितके छोटे, तितका जबडा मोठा वाटतो. सुरुवातीच्या फोटोंमध्ये जोनही त्याच फॅशनमध्ये अडकलेली दिसते.

१९३०च्या दशकात तिनं ही फॅशन उलटी केली. प्रसिद्ध मेकअपमन मॅक्स फॅक्टर यांचं नाव जोडलं जातं त्या पद्धतीनं तिचे ओठ मूळ कडेच्या बाहेर, रुंद आणि भरीव रंगवले जाऊ लागले. हळूहळू भुवयाही जाड आणि कमानदार झाल्या. डोळे तर आधीच मोठे होते, ते आणखी उठून दिसू लागले. मग कपड्यांची पाळी. तिचे खांदे रुंद होते. डिझायनर एड्रियन यांनी ते लपवले नाहीत, उलट मोठ्या बाह्यांनी आणखी रुंद केले. १९३२च्या ‘लेटी लिंटन’मधल्या तिच्या झालरीच्या गाऊनच्या नकला दुकानादुकानांत आल्या. जबडा तेवढाच होता. फक्त आता तो एकटा पडला नव्हता.

तुमच्या आरशासमोर याचा उपयोग असा करा. भुवया सरळ आणि अगदी बारीक ठेवू नका, मऊ कमान द्या. ब्लश गालाच्या फुगीर भागावर लावून कानशिलाकडे वर पसरवा. लिपलायनरनं वरच्या ओठाची टोकं थोडी गोल करा. कॉन्टुअर हवंच असेल तर त्वचेपेक्षा एक-दोन शेड गडद घ्या, फक्त जबड्याच्या आणि कपाळाच्या कोपऱ्यांवर लावा आणि मानेपर्यंत नीट ब्लेंड करा. कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर थोडा हायलायटर. बास!

पण मेकअपनं सगळं सुटत नाही, हेही तिच्याच आयुष्यात दिसतं. १९३८ मध्ये थिएटरमालकांच्या एका संघटनेनं जाहिरात देऊन काही स्टार्सना तिकीटबारीवर बुडीत ठरवलं, त्यात तिचं नाव होतं. १९४३ मध्ये एमजीएम सुटलं. ‘मिल्ड्रेड पियर्स’साठी दिग्दर्शक मायकल कर्टिझ तिला घ्यायला राजी नव्हते, तिचे ते खांदेही त्यांना खटकायचे. एवढी मोठी स्टार, पण ती नव्या मुलीसारखी स्क्रीन टेस्टला उभी राहिली. १९४५च्या या सिनेमानं तिला ऑस्कर मिळवून दिलं. समारंभाच्या रात्री आजारी असल्याचं सांगून ती घरीच थांबली. मग पलंगावरच, केस-मेकअप टापटीप करून, तिनं फोटोग्राफर्सच्या समोर बाहुली स्वीकारली.

१० मे १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी दत्तक मुलीच्या पुस्तकात आई म्हणून तिचं फार कठोर चित्र जगासमोर आलं. त्यामुळे तिला आदर्श वगैरे मानायची गरज नाही. पण तिचे फोटो एकदा जरूर शोधा, आधी १९२०च्या दशकातले, मग १९४०च्या दशकातले. शेजारी ठेवा आणि जबडा बघा. मग आज कॉलेजला जाताना केस मागे बांधून बघाल?