पंडिता रमाबाई : मनोरमेची आई

थोर माणसांची चरित्रे वाचताना त्यांनी कोणत्या संस्था स्थापिल्या, कोणते ग्रंथ लिहिले व कोणते मान मिळविले, हे सर्व आपणांस कळते. परंतु ही कामे चालली असता त्यांची लहान मुले कोणापाशी होती, हे क्वचितच कळते. पुरुषांच्या चरित्रात हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही, कारण घरातील स्त्रीने त्याचे उत्तर मुकाट्याने देऊन ठेविलेले असते. परंतु कार्य करणारी व्यक्ती स्वतःच आई असेल, आणि तीही एकटी, तर हा प्रश्न टाळता येत नाही. पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे येथे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. पुढे शास्त्री वृद्ध झाल्यामुळे कन्येस शिकविण्याचे काम या माउलीने अंगावर घेतले. दिवसभर घरकाम व यात्रेची दगदग असे. म्हणून ती भल्या पहाटे मुलीस उठवून, कामाला लागण्यापूर्वीच तिला पाठ देई. कामाच्या गर्दीतूनही मुलासाठी वेळ काढता येतो, हा धडा रमाबाईंस येणेप्रमाणे बालपणीच मिळाला.

1874 साली दुष्काळात आईबाप निवर्तले. थोरली बहीणही गेली. बंधू श्रीनिवास यांसह रमाबाई पायी देशभर फिरल्या व 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली बंधूही वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. 16 एप्रिल 1881 रोजी मनोरमेचा जन्म झाला. आणि मूल दहा महिन्यांचेही झाले नाही तोच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीच्या आजाराने पतीचे निधन झाले. त्या वेळी रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. माहेर उरले नव्हते, सासरचा आधार नव्हता. कडेवर तान्हे मूल होते.

अशा स्थितीत दुसरी कोणी कोपरा धरून बसली असती. रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ प्रसिद्ध केला व हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करण्याची निकड प्रतिपादिली. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने 1883 च्या एप्रिल महिन्यात त्या इंग्लंडला निघाल्या. दोन वर्षांच्या मनोरमेस त्यांनी बरोबरच नेले. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांस आश्रय मिळाला व त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात 1884 ते 1886 पर्यंत त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या.

आता खरी अडचण उभी राहिली. अध्ययन, अध्यापन आणि मूल, ही तिन्ही एका हाताने पेलणे अशक्य होते. म्हणून मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली राहिली. त्या भगिनींनी तिच्यावर माया केली, यात शंका नाही. तथापि तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे याविषयी त्यांचे व रमाबाईंचे मतभेद झाले. आपण ज्यांच्या अन्नावर व आश्रयावर आहोत त्यांच्याशी वाद घालणे किती कठीण असते, हे कोणासही कळेल. तरीही रमाबाईंनी स्पष्ट बजाविले की मुलीला सांभाळण्यास साहाय्य घेतले म्हणजे तिच्याविषयी निर्णय करण्याचा आईचा अधिकार सोडला असे होत नाही. कृतज्ञता आणि स्वत्व या दोहोंचा मेळ त्यांनी कसा राखला, हे या प्रसंगावरून दिसते.

1886 च्या आरंभी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मनोरमेसह अमेरिकेस गेल्या. तेथे गाजलेले ग्रंथलेखन, व्याख्यानांचा अखंड प्रवास आणि बालोद्यान पद्धतीचा अभ्यास यांत त्या अशा गुंतल्या की काही महिन्यांनी पाच वर्षांच्या मुलीस परत इंग्लंडला धाडावे लागले. आई पत्रे लिहीत असे. परंतु पत्र म्हणजे आईची मांडी नव्हे. 1887 साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे कबूल केले, आणि त्यातूनच पुढे शेकडो विधवांस आसरा मिळाला. या लाभाची किंमत काही अंशी एका लहान मुलीने भरली, हे विसरून चरित्र लिहिणे न्याय्य होणार नाही.

11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या; त्याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. 1890 साली सदन पुण्यास आले. तेथे आई व संचालिका ही दोन नाती एकमेकींत कशी गुंतली ते पाहा. सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत व खोलीचे दार उघडे ठेवीत. आईच्या खोलीत मुलांनी यावे त्याप्रमाणे इतर मुलीही तेथे येऊन बसू लागल्या. यावरून गावात वादळ उठले. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांच्या शंकेतही काही तथ्य होते, कारण मुली त्यांनी वेगळ्या विश्वासाने पाठविल्या होत्या. परंतु आपल्या मुलीस एक वागणूक व पोरक्या मुलींस दुसरी, हा भेद रमाबाईंच्या मनास मानवला नाही.

1896-97 साली मध्यप्रांतात, ज्यात त्या काळी आपला भंडारा जिल्हा मोडत असे, भयंकर दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाई या प्रांतात आल्या व सुमारे तीनशे मुली-स्त्रियांस त्यांनी आपल्याकडे नेले. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती सदनाचा विस्तार झाला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सर्व कामे स्त्रियाच करीत.

या अफाट संसारात मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या. अमेरिकेत शिक्षण घेऊन त्या 1900 साली परतल्या. त्यांनी शारदा सदनाच्या शाळेचा भार उचलला, अंध स्त्रियांस ब्रेल लिपी शिकविली व गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यास हातभार लाविला. लहानपणी जिला कार्यापायी आईपासून दूर राहावे लागले, तिनेच मोठेपणी ते कार्य आपले मानिले. रमाबाईंनी आपल्यामागे संस्था तिच्याच हाती सोपविण्याचे ठरविले होते. परंतु 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईंचे निधन झाले. वृद्ध आईने तो घाव सोसला, बायबलचे सोप्या मराठीत चालविलेले आपले भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेविला.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, मुलांचे संगोपन व मोठे कार्य ही दोन्ही सहज साधतात, असे हे चरित्र सांगत नाही. ती साधताना काहीतरी सुटते, कोणाला तरी सोसावे लागते, असेच ते सांगते; आणि तो भार वाटून घेणारे हात भोवती असले तर कमी सुटते, हेही सांगते. आपल्या जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला पाळणा बांधून चिखलात उभी राहणारी आई, रात्रपाळीला जाणारी परिचारिका, आणि घरी तान्हे ठेवून तुमच्या वर्गावर येणारी शिक्षिका, या सर्वजणी लहान प्रमाणावर तेच ओझे वाहत असतात. रमाबाईंपाशी पती नव्हता, माहेर नव्हते. ज्या घरी बाप आहे, भाऊ आहे, मोठी मुले आहेत, त्या घरी पाळण्याची दोरी एकट्या आईच्याच हाती का असावी, याचा विचार तुम्ही, विशेषतः मुलांनी, अवश्य करावा.